दोन डिटेक्टर आणि एक फिरता पाट : महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पेट स्कॅन शिकवताना

पेट स्कॅन (शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी द्रव्याच्या किरणांवरून आतलं चित्र काढणारी तपासणी) हा शब्द खान्देशातल्या बऱ्याच घरांना नाशिक-मुंबईच्या दवाखान्यांच्या वाऱ्यांतून कळतो. भौतिकशास्त्राच्या वर्गात मात्र फळ्यावर एक वर्तुळ, मधे एक ठिपका आणि दोन बाण काढले की विषय संपतो. दवाखान्यातल्या यंत्रात हजारो स्फटिकांचं कडं असतं. ते आपल्याकडे येणार नाही, आणि शिकवायला त्याची गरजही नाही. त्या कड्यातली समोरासमोरची एक जोडी पुरते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मेंदूतल्या गाठी शोधायला जे यंत्र वापरलं गेलं, त्यात सोडियम आयोडाइडचे दोनच डिटेक्टर होते. जळगाव, धुळे, अमळनेर किंवा शहाद्याच्या ज्या महाविद्यालयात एम.एस्सी.साठी गॅमा स्पेक्ट्रोमीटर आहे, तिथे निम्मा स्कॅनर आधीच कपाटात आहे.

सगळं यंत्र एकाच प्रश्नावर उभं आहे : दोन्ही डिटेक्टरांनी एकाच वेळी किरण पाहिला का? याला कोइन्सिडन्स म्हणतात. स्रोतातून दोन किरण एकाच क्षणी जवळजवळ विरुद्ध दिशांना निघतात, म्हणून दोन्हीकडे एकाच वेळी नोंद झाली की स्रोत त्या दोन डिटेक्टरांना जोडणाऱ्या रेषेवर असतो. विद्यार्थ्याला हा प्रश्न कळला की पुढचं चित्र हा हिशेबाचा भाग उरतो. म्हणून मोटरी आणि सॉफ्टवेअर शेवटी घ्या. पहिले तीन तास कोइन्सिडन्सलाच द्या.

पहिला तास : खिळे आणि दोरा

या तासाला किरणोत्सारी स्रोत लागत नाही, त्यामुळे नववी-दहावीलाही तो घेता येतो. ६० सेंटीमीटरच्या चौकोनी प्लायवर ५० सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. दर १५ अंशांवर एक असे २४ खिळे ठोका आणि त्यांना क्रमांक द्या. प्रत्येक खिळा म्हणजे एक डिटेक्टर. शिक्षकाने घरून यादी करून आणायची. त्याच मापाच्या कागदावर एक गुप्त बिंदू ठरवायचा, त्यावरून पट्टी वेगवेगळ्या कोनांत फिरवायची आणि पट्टी ज्या दोन खिळ्यांजवळून जाते त्यांचे क्रमांक लिहायचे. अशा बारा जोड्या पुरतात. विद्यार्थी एकेक जोडी ऐकून दोरा ताणतात. पाचव्या-सहाव्या दोऱ्याला बिंदू दिसू लागतो.

आता चिठ्ठ्या उचलून सहा जोड्या खोट्या घाला. दोरे कसेही पसरतात, पण गुप्त बिंदूवरची गर्दी तरीही ओळखू येते. खऱ्या स्कॅनरमधल्या अपघाती नोंदी (दोन असंबद्ध किरण योगायोगाने एकाच वेळी आले की होणाऱ्या) चित्रात नेमकं हेच करतात. बारा खोट्या जोड्या घातल्या की गर्दी पुसट होऊ लागते. ‘किती खोटं चालेल’ हा प्रश्न विद्यार्थ्यांनी इथेच विचारला, तर पुढच्या सर्किटचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

स्रोत

दवाखान्यात फ्लोरिन-१८ वापरतात. त्याचा अर्धायुकाल ११० मिनिटांच्या आसपास आहे. वर्गात हा हिशेब करून घ्या : मुंबईहून निघालेली मात्रा मुंबई-आग्रा महामार्गाने सहा तासांत धुळ्याला पोचली तर किती उरेल? सव्वातीन अर्धायुकाल, म्हणजे साधारण दहा टक्के. जळगावला आठ तास धरले तर पाच टक्क्यांच्या आत. पेट स्कॅनची केंद्रं सायक्लोट्रॉनच्या (फ्लोरिन-१८ तयार करणाऱ्या यंत्राच्या) टप्प्यात का असतात, हे या एका गणितात कळतं. भारतात पेटची सुरुवात २००२ मध्ये मुंबईच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली, तीही सायक्लोट्रॉनसह.

आपल्याला लागतो सोडियम-२२. अर्धायुकाल २.६ वर्षं. शंभरांतली सुमारे ९० विघटनं पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनप्रभारी जोडीदार) देतात, आणि जवळजवळ प्रत्येक विघटनासोबत १२७५ केईव्हीचा (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) एक वेगळा गॅमा किरणही निघतो. तो पुढे त्रास देतो, म्हणून तो आत्ताच लक्षात ठेवा. पॉझिट्रॉन थोडं अंतर जाऊन थांबतो, एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघे नाहीसे होतात आणि ५११ केईव्हीचे दोन गॅमा जवळजवळ विरुद्ध दिशांना निघतात.

चकतीच्या आकाराचा, सीलबंद, १ ते १० मायक्रोक्युरीचा स्रोत पुरतो. आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांत सोडियम-२२ ची सूट-मर्यादा १० लाख बेकरेल, म्हणजे सुमारे २७ मायक्रोक्युरी आहे. तरीही खरेदी विभागप्रमुखांमार्फत आणि अणुऊर्जा नियामक परिषदेच्या नियमांनुसारच करा. ब्रिट ही अणुऊर्जा विभागाची नवी मुंबईतली संस्था असे स्रोत पुरवते. पिशवीत घालून एसटीने आणायची ही वस्तू नव्हे. पालक विचारतात म्हणून हा आकडा जवळ असू द्या : १ मायक्रोक्युरीच्या स्रोतापासून ३० सेंटीमीटरवर मिळणारी मात्रा तासाला ०.१३ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास, म्हणजे साधारण नैसर्गिक पार्श्वभूमीइतकीच आहे. म्हणून चकती खिशात ठेवावी असं नाही. चिमट्याने उचला आणि काम संपलं की शिशाच्या डबीत ठेवा.

कपाटात जुनी चकती असेल तर तिच्यावरची तारीख वाचा. आठ वर्षांत मूळच्या बारा टक्केच उरतात. ‘सर्किट बिघडलं’ म्हणून दोन दिवस घालवल्यावर स्रोतच म्हातारा निघणं, ही नेहमीची गोष्ट आहे.

आणखी एक बारकावा सहज सुटतो. पातळ खिडकीच्या चकतीतून पॉझिट्रॉन बाहेर निसटतात आणि हवेत लांब जाऊन कुठेतरी थांबतात. मग गॅमा चकतीतून न निघता टेबलातून, भिंतीतून निघतात आणि बिंदूचा डाग होतो. म्हणून चकतीच्या दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटर जाडीचे अ‍ॅक्रिलिकचे तुकडे टेपने बांधा. पॉझिट्रॉन त्यातच थांबतात, गॅमांना त्या जाडीने फारसा फरक पडत नाही.

डिटेक्टर : जीएम का नको

प्रत्येक महाविद्यालयात जीएम (गायगर-म्युलर) काउंटर असतो, म्हणून पहिला विचार तोच येतो. हिशेब करून बघा. १ मायक्रोक्युरी म्हणजे सेकंदाला ३७,००० विघटनं, त्यातून सुमारे ३३,५०० पॉझिट्रॉन. स्रोताच्या दोन्ही बाजूंना २० सेंटीमीटरवर दोन इंच व्यासाचे डिटेक्टर ठेवले, तर प्रत्येक डिटेक्टर गोलाच्या ०.४ टक्के भाग व्यापतो. जोडीतला कोणताही गॅमा कोणत्याही बाजूला जाऊ शकतो, म्हणून दुप्पट : ०.८ टक्के. सेकंदाला २७० जोड्या दोन्ही डिटेक्टरांवर पडतात. जीएम नळी गॅमांपैकी जेमतेम एक टक्का पकडते. दोन्हीकडे पकडला जायला हवा, म्हणून ०.०१ गुणिले ०.०१. नळीची खिडकी एवढीच मोठी धरली तरी मिनिटाला दीड-दोन नोंदी. कोइन्सिडन्स असतो एवढं यावर दाखवता येईल, चित्र काढता येणार नाही.

दोन इंच बाय दोन इंचाचा सोडियम आयोडाइड स्फटिक ५११ केईव्हीच्या शंभरांतल्या ८० हून अधिक गॅमांना अडवतो. त्यातले साधारण निम्मे पूर्ण ऊर्जा सोडतात. म्हणजे प्रत्येकी ४१ टक्के धरा, दोन्हींचे मिळून १७ टक्के : सेकंदाला सुमारे ४५ नोंदी. जीएमच्या हजारपटीहून जास्त. हा हिशेब विद्यार्थ्यांकडून मोजण्याआधी लिहून घ्या. प्रत्यक्षात ३० ते ५० च्या दरम्यान काही आलं तर मांडणी ठीक आहे. ४-५ आलं तर काहीतरी चुकलं आहे, पुढे जाऊ नका.

एक डिटेक्टर असेल तर दुसरा शेजारच्या महाविद्यालयाकडून एका सत्रासाठी मागून आणणं सगळ्यात स्वस्त पडतं. प्रवासात तो फोममध्ये गुंडाळा. स्फटिकाला धक्का आणि अचानक तापमानबदल दोन्ही सोसत नाहीत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही खरी अडचण होते : दुपारी खोली ४२ अंशांवर, मग कोणीतरी कूलर लावतो आणि गार, ओल्या हवेचा झोत थेट डिटेक्टरवर. असं केल्याने स्फटिक तडकू शकतो. तासाला पाच-सहा अंशांहून जलद बदल होऊ देऊ नका, कूलरचं तोंड फिरवा. शक्य असेल तर हे प्रात्यक्षिक नोव्हेंबर ते जानेवारीतच लावा. पावसाळ्यात डिटेक्टर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, कारण सोडियम आयोडाइड ओलावा ओढतो आणि सील सैल झालं की स्फटिक पिवळा पडतो.

नवीन खरेदी करायचीच असेल तर लायसो स्फटिक आणि सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (स्फटिकातल्या प्रकाशाचा विद्युत स्पंद करणारा भाग) ही जोडी बघा. आकार बोटाच्या पेराएवढा, आणि हजार व्होल्टऐवजी तीसच्या आत भागतं. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. लायसोतलं ल्युटेशियम स्वतः किरणोत्सारी आहे. त्यामुळे स्रोत नसतानाही नोंदी येतात, आणि एका स्फटिकातला २०२ किंवा ३०७ केईव्हीचा गॅमा दुसऱ्यात जाऊन खोटी जोडीही बनते. ५११ ची विंडो लावली, म्हणजे ५११ च्या आसपासच्या ऊर्जेचेच स्पंद मोजले, की यातलं बरंचसं गळतं. दुसरी गोष्ट उष्णतेची. बाजारातल्या एका नेहमीच्या मालिकेत ब्रेकडाउन व्होल्टेज दर अंशाला २१.५ मिलिव्होल्टने सरकतं. सकाळ-दुपारचा फरक १५ अंशांचा असेल तर तिसऱ्या हिश्श्याएवढा व्होल्ट हलतो. ब्रेकडाउनच्या वर दिलेलं व्होल्टेज अडीच असेल तर मूळ वर्धनात तेरा टक्के घट, म्हणजे ५११ चं शिखर विंडोच्या कडेला जायला पुरेसं. तापमान मोजून व्होल्टेज दुरुस्त करणारं सर्किट नसेल तर खान्देशात या डिटेक्टरवर उन्हाळ्यात भरवसा ठेवू नका.

ऊर्जेची विंडो

फोटोमल्टिप्लायरचं व्होल्टेज सावकाश चढवा, साधारण ६०० ते ९०० व्होल्टच्या दरम्यान काम भागतं. व्होल्टेज चालू असताना केबल काढायची नाही. अर्धा तास तापू द्या. सीझियम-१३७ चं ६६२ आणि सोडियम-२२ ची ५११ व १२७५ ही तीन शिखरं घेऊन आलेख काढा, रेषा सरळ यायला हवी. मग दोन्ही डिटेक्टरांवर ४४० ते ५८० केईव्हीची विंडो लावा. ५११ ची कॉम्प्टन कडा (स्फटिकात एकदाच विखुरलेला गॅमा जास्तीत जास्त जेवढी ऊर्जा सोडतो ती) ३४१ वर येते, म्हणून विखुरलेले बहुतेक गॅमा खालीच राहतात. दोन डिटेक्टरांचं वर्धन सारखं नसतं, तेव्हा एकाचे आकडे दुसऱ्यावर उतरवू नका. पारा दहा अंशांनी चढला तर शिखर काही टक्के सरकतं, म्हणून मोजणीच्या आधी आणि नंतर स्पेक्ट्रम घेऊन दोन्ही वहीत चिकटवा.

कोइन्सिडन्स सर्किट

इथे सगळ्यात मोठी चूक होते. विद्यार्थी दोन्ही डिटेक्टरांचे स्पंद थेट आर्डुइनो या छोट्या संगणक-बोर्डाला देतात आणि ‘दोन्ही पिना चालू आहेत का’ हे प्रोग्रामने तपासतात. प्रोग्रामला एक फेरी घ्यायला सहज ५० मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात दोन असंबद्ध गॅमाही ‘एकाच वेळी’ आल्यासारखे दिसतात. अपघाती नोंदींचा दर असा : दोन गुणिले स्पंदाची रुंदी गुणिले पहिल्याचा दर गुणिले दुसऱ्याचा दर. विंडो न लावता प्रत्येक डिटेक्टरवर सेकंदाला ४०० नोंदी धरा. ५० मायक्रोसेकंदांत सेकंदाला १६ खोट्या जोड्या मिळतात, खऱ्या ४५. खिळ्यांच्या पाटीवर तिसरा-चौथा दोरा खोटा असल्यासारखंच. तीच रुंदी १ मायक्रोसेकंद केली की खोट्या ०.३ वर येतात. निर्णय हार्डवेअरने घ्यायचा, आर्डुइनोने फक्त मोजायचं.

लागतं ते एवढंच : ७४एचसी१२३ ही दुहेरी मोनोस्टेबल (ठरावीक रुंदीचा एक स्पंद देणारी) चिप, ७४एचसी०८ हे अँड गेट (दोन्ही स्पंद एकाच वेळी असतील तरच निर्गम देणारं), ब्रेडबोर्ड, ५ व्होल्टचा पुरवठा आणि प्रत्येक चिपच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा संधारित्र. हा शेवटचा संधारित्र गाळला की गेट स्वतःहून मोजू लागतं. सिंगल चॅनल अ‍ॅनालायझरचा (विंडोत बसणारेच स्पंद पुढे सोडणाऱ्या उपकरणाचा) स्पंद आधी ऑसिलोस्कोपवर बघा. तो १० व्होल्टचा असेल तर १ किलोओहमचे दोन रोध घालून निम्मा करा, नाहीतर चिप जळेल. तो उलटा असेल तर चिपचा दुसरा प्रवेश वापरा. १० किलोओहम आणि २२० पिकोफॅरड घेऊन सुरुवात करा. साधारण १ मायक्रोसेकंदाचा स्पंद मिळतो. एवढ्या लहान संधारित्राला सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, तेव्हा ऑसिलोस्कोपवर बघून रोध बदला.

रुंदी १०० नॅनोसेकंद केली तर अपघाती नोंदी आणखी कमी होतील, मग तसं का करू नये? सोडियम आयोडाइडचा प्रकाश विझायला २३० नॅनोसेकंद लागतात, आणि अ‍ॅनालायझर स्पंद केव्हा सोडेल हे त्याच्या उंचीप्रमाणे मागेपुढे होतं. रुंदी फार कमी केली की खऱ्या जोड्याच हातून जातात. विद्यार्थ्यांना ०.२, ०.५, १, २ आणि ५ मायक्रोसेकंदांवर नोंदी मोजायला लावा. आलेख आधी चढतो, मग सपाट होतो. सपाटीच्या सुरुवातीची रुंदी आपली. दोन्ही केबलची लांबी सारखी हवी म्हणून कोणी हट्ट धरला तर सांगा की एका मीटरला फक्त ५ नॅनोसेकंदांचा फरक पडतो, इथे त्याने काही बिघडत नाही.

आर्डुइनो उनोच्या डी५ पिनेवर अँड गेटचा निर्गम द्या. ही पिन टायमर-१ ची बाह्य मोजणी करते, प्रोग्राम दुसऱ्या कामात असला तरी नोंद चुकत नाही. दोन्ही डिटेक्टरांच्या एकेकट्या नोंदी डी२ आणि डी३ वर इंटरप्टने मोजा. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत, प्रत्येक मापनाच्या अपघाती नोंदींचा हिशेब त्यातूनच निघतो.

खरं की अपघाती

डिटेक्टर समोरासमोर ठेवून मोजा. मग दुसरा डिटेक्टर स्रोताभोवती त्याच अंतरावर १७०, १६०, १५० अंशांवर न्या. आकडा कोसळतो, पण शून्यावर जात नाही. ९० अंशांवरही थोड्या नोंदी राहतात. विद्यार्थी त्यांना लगेच अपघाती म्हणतात. इथेच तो १२७५ केईव्हीचा गॅमा आठवायचा. तो पॉझिट्रॉनबरोबरच निघतो, कोणत्याही दिशेला जातो, त्याचा काही भाग कॉम्प्टन विखुरणामुळे आपल्या विंडोत पडतो आणि दुसरीकडच्या ५११ शी जोडी जमवतो. ही जोडी वेळेने खरी आहे, दिशेने खोटी.

दोन्ही वेगळ्या कशा करायच्या? दुसऱ्या डिटेक्टरच्या मार्गात आणखी एक मोनोस्टेबल घालून स्पंद १० मायक्रोसेकंद उशिरा पाठवा. आता एकाच विघटनातले दोन गॅमा जुळूच शकत नाहीत. जे उरतं ते निव्वळ अपघाती. उशिराविना ९० अंशांवर मिळालेल्या आकड्यातून ते वजा केलं की १२७५ चा वाटा मिळतो. दवाखान्यातली यंत्रंही उशिराची हीच युक्ती वापरतात.

या टप्प्यावर जळगावच्या वर्गात केळ्याचा प्रश्न निघतोच : केळ्यात पोटॅशियम-४० असतं, तेही पॉझिट्रॉन देतं, मग केळ्याचं स्कॅन होईल का? करून घ्या हिशेब. एका केळ्यात सुमारे १५ बेकरेल, पॉझिट्रॉन लाखात एका विघटनाला. दिवसाला डझनभर पॉझिट्रॉन, आणि आपली मांडणी हजारात एखाद-दुसराच पकडणार. दोन महिन्यांत एक नोंद.

पाण्याचे डबे : पेटची खरी ताकद

हा प्रयोग वेळ नाही म्हणून गाळू नका. सगळ्यात स्वस्त तोच आहे आणि सगळ्यात जास्त शिकवणाराही तोच. ४ सेंटीमीटर जाडीचे चार चपटे प्लॅस्टिकचे डबे पाण्याने भरा. स्रोत मधे स्थिर ठेवा, चकती कोरड्या पिशवीत. आधी दोन्ही बाजूंना दोन-दोन डबे ठेवून मोजा. मग एका बाजूला एक, दुसरीकडे तीन. मग सगळे चार एकाच बाजूला. ५११ केईव्हीला पाणी दर सेंटीमीटरला ०.०९६ या गुणांकाने क्षीणन करतं. ४ सेंटीमीटरमधून ६८ टक्के गॅमा पार होतात, ८ मधून ४६, १२ मधून ३२, १६ मधून साडेएकवीस.

एकेकट्या डिटेक्टरचा आकडा प्रत्येक वेळी बदलतो. कोइन्सिडन्सचा आकडा मात्र मोजणीच्या चुकीच्या मर्यादेत तोच राहतो. ०.४६ गुणिले ०.४६ आणि ०.६८ गुणिले ०.३२ यांचं उत्तर जवळजवळ सारखं येतं, कारण घातांकांची बेरीज म्हणजे एकूण जाडी, आणि ती १६ सेंटीमीटरच आहे. शरीरात गाठ किती खोल आहे हे माहीत नसलं तरी क्षीणनाची दुरुस्ती अचूक करता येते, ती यामुळे. पेटसोबत सीटी का काढतात, याचं मोठं उत्तरही इथेच आहे : एकूण वाटेत किती आणि कसला पदार्थ आहे, हे सीटी सांगतं. प्रत्येक मांडणीत कोइन्सिडन्सच्या किमान १,००० नोंदी घ्या. वर्गमूळ ३२, म्हणजे चूक ३ टक्के. शंभर नोंदींवर थांबलात तर दहा टक्के चुकीत हा सुंदर निकाल झाकून जातो.

सरकता आणि फिरता पाट

डिटेक्टर जड आहेत, ते जागचे हलवायचे नाहीत. हलेल तो नमुना. खाली आडवा सरकणारा पाट, त्याच्यावर फिरणारी चकती, आणि तिच्यावर नमुना. हा क्रम उलटा झाला तर सरकण्याची दिशाच चकतीबरोबर फिरते आणि सगळी माहिती वाया जाते. पहिल्यांदा जोडणाऱ्यांपैकी बरेच जण इथे फसतात.

दोन नेमा-१७ स्टेपर मोटरी, ए४९८८ चालक आणि टी८ स्क्रू घ्या. स्क्रू एका फेऱ्याला ८ मिलिमीटर सरकवतो, मोटर २०० पावलांत फेरा पूर्ण करते. ३ मिलिमीटरला बरोबर ७५ पावलं. कोन मात्र १० अंशांचा धरू नका : २०० पावलांच्या मोटरीला १० अंशांसाठी साडेपाचहून थोडी जास्त पावलं लागतात आणि चूक साठत जाते. ९ अंश घ्या, बरोबर ५ पावलं. २० कोनांत १८० अंश पूर्ण होतात.

प्रत्येक डिटेक्टरसमोर २५ मिलिमीटर जाड शिशाच्या विटा लावून मधे १२ मिलिमीटरची उभी फट ठेवा. एवढी जाडी गॅमांपैकी शंभरात एखादाच सोडते. आपल्याला दोन्ही बाजूंनी नोंद हवी असते, त्यामुळे मधोमध ठेवलेल्या स्रोताची दोन्हीकडून होणारी गळती दहा हजारात एकावर येते. म्हणून ५० मिलिमीटरची भिंत बांधायची गरज नाही. १० बाय ५ बाय २.५ सेंटीमीटरची वीट सुमारे १.४ किलोची असते, टेबल तेवढं मजबूत हवं. विटांवर रंग किंवा टेप लावा आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

मधोमध असलेल्या बिंदूसाठी १२ मिलिमीटरच्या दोन फटींतून ६ मिलिमीटरची विभेदनक्षमता (जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याची क्षमता) मिळते, कारण कोइन्सिडन्सची रेषा दोन्ही फटींची सरासरी घेते. पाऊल त्याच्या निम्मं, ३ मिलिमीटर. ९० मिलिमीटरचा पट्टा म्हणजे ३१ जागा. ३१ गुणिले २० कोन गुणिले २० सेकंद : साडेतीन तासांच्या जरासं आत, मोटरींचा वेळ वेगळा. फटीमुळे ४५ चा दर १३ वर येतो, म्हणजे शिखरावर २६० नोंदी. १ मायक्रोक्युरीला एवढं पुरे.

साडेतीन तासांत आपल्याकडे वीज जाणार, हे धरूनच चाला. प्रत्येक मापन झाल्याबरोबर फाइलमध्ये लिहिलं जायला हवं. वीज आली की मोटर आपली जागा विसरलेली असते, म्हणून पाटाच्या एका टोकाला लिमिट स्विच लावा आणि चकतीच्या शून्यावर खूण ठेवा. साधा इन्व्हर्टर चौकोनी लहरी देत असेल तर मोजणीत खोटे स्पंद घुसतात. स्रोत डबीत ठेवून आधी दहा मिनिटं रिकामी मोजणी घ्या आणि ते तपासा. स्क्रूच्या ढिलाईसाठी प्रत्येक ओळ एकाच दिशेने मोजा, सुरुवातीला ५ मिलिमीटर मागे जाऊन पुढे या.

नमुना म्हणून थर्माकोलचा ठोकळा घ्या आणि त्यात खाचा पाडा. भरीताच्या वांग्यात स्रोत लपवायची कल्पना हमखास पुढे येते. नको. खाण्याची वस्तू या खोलीत आणायची नाही, आणि ओल्या गरात चकती खुपसायची नाही.

चित्र

संगणकाआधी कागद. एकच स्रोत लपवा, ० आणि ९० अंशांच्या दोनच ओळी घ्या, दोन शिखरांवरून आलेखाच्या कागदावर दोन रेषा काढा. छेदबिंदूवर स्रोत सापडतो, वर्ग खूश होतो. मग गुपचूप दोन सारखे स्रोत ठेवा. आता दोन आणि दोन रेषा चार ठिकाणी छेदतात, त्यातले दोन बिंदू भुतं आहेत. ती कोणती हे या माहितीतून सांगताच येत नाही. ४५ अंशांची तिसरी ओळ घेतल्यावर भुतं सहसा गळतात. जास्त कोन का लागतात, हे याहून चांगलं समजावता येत नाही.

पूर्ण स्कॅनचे ६२० आकडे एक्सेलमध्ये मांडा : प्रत्येक कोनाला एक स्तंभ, प्रत्येक जागेला एक ओळ. कंडिशनल फॉरमॅटिंगने रंग दिले की मध्याबाहेरच्या प्रत्येक स्रोताची लाटेसारखी रेषा दिसते. लाट तुटली असेल तर त्या कोनाला मोटर चुकली आहे. तो स्तंभ पुन्हा मोजा, गणिताने झाकू नका. मग पायथनच्या सायकिट-इमेजमधलं आयरेडॉन हे फंक्शन वापरा. त्याला हीच मांडणी लागते. कोनांची यादी ०, ९, १८ अशी १७१ पर्यंत द्या. यामागचं गणित योहान राडोन यांनी १९१७ मध्ये मांडलं होतं. आधी फिल्टर न लावता काढा : बिंदूभोवती धुकं. मग रॅम्प फिल्टर : धुकं जातं, पण कण-कण उठतात. मग हान : मधला मार्ग, आणि एवढ्या कमी नोंदींना तोच बरा. वीसच कोन असल्याने बिंदूतून चांदणीसारखे पट्टे निघतील. तो दोष नाही, मापनाची मर्यादा आहे.

बिंदूऐवजी अर्धं कडं दिसलं तर फिरण्याचा अक्ष आणि फटींचा मध्य जुळलेला नाही. यासाठी २१ वी ओळ १८० अंशांवर घ्या. ती शून्याच्या ओळीचं आरशातलं प्रतिबिंब असायला हवी. दोन शिखरांच्या बरोबर मधे अक्ष असतो. तो १६ व्या जागेवर नसेल तर आकडे तेवढे सरकवा आणि पुन्हा चित्र काढा.

शेवटी दोन चकत्या समोरासमोर उभ्या ठेवा आणि अंतर ३०, २०, १२, ८ मिलिमीटर असं कमी करत जा. आडव्या ठेवल्या तर २५ मिलिमीटरची चकती स्वतःच जवळ येऊ देत नाही. चकतीवरचं अ‍ॅक्रिलिक मोजायला विसरू नका, अंतर मध्यापासून मध्यापर्यंत धरा. ३० ला दोन स्पष्ट ठिपके, १२ ला मधे पुसट खळगा, ८ ला बहुधा एकच लांबट डाग. विद्यार्थ्याने अहवालात आपल्या यंत्राची विभेदनक्षमता या चित्रांवरून लिहावी, सूत्रावरून नाही.

उठण्याआधी व्होल्टेज सावकाश शून्यावर आणा, ५११ चं शिखर कुठे होतं ते वहीत लिहा, चकत्या मोजून शिशाच्या डबीत ठेवा आणि नोंदवहीत दोघांच्या सह्या घ्या.